दसऱ्याच्या आदल्या दिवशीची लाईन

२०२५ला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आले, २ ऑक्टोबरला, गुरुवारी. पुढचं पुणेकरांना सांगायची गरज नाही. शुक्रवारी एक रजा टाकली की सलग चार दिवस, घरोघरी पाहुणे, श्रीखंडाची ऑर्डर आधीच दिलेली, आणि नेमका ड्राय डे, म्हणजे दारूची दुकानं बंद. मग १ तारखेला संध्याकाळी जे व्हायचं तेच झालं. कर्वेनगरातल्या आमच्या रस्त्यावर एका बाजूला झेंडूचे ढीग आणि आपट्याच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायका, आणि दुसऱ्या बाजूला वाईन शॉपची लाईन, ती पार पंक्चरवाल्याच्या पुढे वडापावच्या गाडीपर्यंत गेलेली. अर्ध्या लोकांच्या हातात फुलांच्या पिशव्या. म्हणजे फुलं घ्यायला म्हणून निघालेले आणि जाता जाता हेही उरकून टाकू म्हणून थांबलेले, किंवा बरोब्बर उलटं. दुसऱ्या दिवशी रात्री नवऱ्याच्या ऑफिसमधली दोन जोडपी जेवायला येणार होती आणि त्याचा कॉल काही संपेना, म्हणून शेवटी मीच गेले, नाशिकच्या वाईनच्या दोन बाटल्या आणायला. आता बाई लाईनीत दिसली तर कुणी फारसं बघत नाही, एकदा बघतात आणि परत मोबाईलमध्ये जातात. बरंय.

माझ्या पुढे दोन माणसं सोडून एक मावशी होत्या. हिरवं पातळ, पदर खोचलेला, पायात स्लिपर, आणि हातातल्या पिशवीतून झेंडूची फुलं वर आलेली. त्यांचा नंबर आला तसा काउंटरवरचा पोरगा ओळखीचं असल्यासारखं 'हां मावशी' म्हणाला. त्यांनी मुठीतल्या घामेजलेल्या नोटा एकेक सरळ करून फळीवर ठेवल्या आणि म्हणाल्या, सगळ्यात स्वस्तातल्या दोन क्वार्टर दे, काचेच्या नको. मागून एकाला राहवलं नाही, तो हसत म्हणाला, "मावशी, दसरा जोरात दिसतोय!" त्या चिडल्या वगैरे अजिबात नाहीत. बिल विचारावं तितक्या साध्या आवाजात मागे वळून म्हणाल्या, "माझ्यासाठी न्हाय रं बाबा. उद्या बंद हाय न्हवं. हितं न्हाय घावली की पुलाखाली जातो आन काय बी ढोसून येतो. मागल्या टायमाला दोन दिस डोळ्यांनी दिसत नव्हतं त्याला." मग दोन्ही क्वार्टर फुलांच्या खाली सारल्या, वरून फुलं नीट केली आणि गेल्या. हसलेला माणूस बराच वेळ मोबाईलमध्ये काहीतरी शोधत राहिला.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जायलाच तयार नाही.

तोपर्यंत ड्राय डे हा आमच्याकडे जोकचाच विषय होता. आदल्या दिवशी ग्रुपवर 'उद्या काय आहे लक्षात आहे ना' असा मेसेज येतो, त्यावर बाटल्यांचे इमोजी येतात, कुणीतरी स्वतःच्या कपाटाचा फोटो टाकतो. खरं सांगायचं तर आमच्यासारख्यांच्या घरी ड्राय डे कधी लागूच झालेला नाही. क्रॉकरीच्या कपाटात खालच्या खणात काही ना काही असतंच, एअरपोर्टवरून आणलेलं, कुणी दिलेलं. कायदा विकण्याला आहे, आणि आम्ही त्या दिवशी विकत घेत नाही एवढंच. हा दिवस खरा कुणाला लागतो तर जो रोजच्या रोज कमावतो आणि रोजच्या रोज आणतो त्याला. तेल पन्नास ग्रॅम, साखर पाव किलो, तशी दारू १८० मिली. त्याच्याकडे स्टॉक नसतो. आणि त्याला मिळाली नाही तर तो जातो कुठे, याचं उत्तर २०१५मध्ये मुंबईत मालवणीला मिळालं होतं. विषारी दारूने शंभराच्या वर माणसं गेली. तो ड्राय डे नव्हता, साधं स्वस्तात मिळत होतं म्हणून लोक प्यायले होते, पण मावशींची धास्ती नेमकी त्याच दारूची होती. दारूबंदीच्या दिवसाआधी नवऱ्यासाठी सरकारमान्य दारू आणून ठेवायची, म्हणजे तो जिवंत राहील. याला काय म्हणायचं मला कळत नाही.

आणि इथेच माझी पंचाईत होते, कारण मला ड्राय डेला सरळ नावं पण ठेवता येत नाहीत. त्याचं कारण आमची आत्या.

आत्या खडकी बाजाराजवळ चाळीत राहायची. आतोबा फॅक्टरीत कामाला. माणूस एरवी इतका हळवा की आम्ही सुट्टी संपवून घरी निघालो की रिक्षात बसेपर्यंत डोळे पुसायचे, आणि संध्याकाळी साडेसहानंतर वेगळाच. आत्याच्या स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय टांगलेलं असायचं, त्यावर दूध, गॅसचा नंबर, भिशी अशा नेहमीच्या नोंदी, आणि काही तारखांच्या खाली बारीक आडवी रेघ, पेन्सिलीने. मला लहानपणी वाटायचं उपासाचे दिवस असतील. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, गणपती विसर्जन. निवडणूक जाहीर झाली की आत्या रेडिओला कान लावून तारीख ऐकायची, कारण मतदान संपेपर्यंतचे अट्ठेचाळीस तास बंद, वर मोजणीचा दिवस. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, यंदा कोण येईल वाटतं हो? आत्या म्हणाली, "कोणी का येईना, दोन दिवस बंद तर राहील."

तर या रेघांवर तिचा सगळा संसार बेतलेला. घरी कुणाला जेवायला बोलवायचं असेल तर रेघ बघून. सत्यनारायण रेघेवर. जी काही महत्त्वाची बोलणी आतोबांशी करायची, म्हणजे फी, भाऊबंदकीतला जमिनीचा वाद, ती रेघेच्या दिवशी दुपारी. आणि माझ्या आतेबहिणीला बघायला येणार होते ते तिने २६ जानेवारीला बोलावलं. मुलाकडच्यांना वाटलं सुट्टी आहे म्हणून.

त्या दिवशी मी तिथे होते, नववी-दहावीत असेन. सकाळी चाळीतली पोरं झेंडावंदन करून चॉकलेटं खात परत येत होती आणि आतोबा बाहेर गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, समोर आरसा, स्टीलच्या वाटीत गरम पाणी. त्यांचे हात इतके थरथरत होते की ब्रश गालाला लागेना, साबणाचा फेस कानाला, बनियनला. आदल्या रात्री, दुसऱ्या दिवसासाठी म्हणून आणलेलं सगळं आदल्या रात्रीच संपलं होतं, हे नेहमीचंच, रेघेच्या आदली रात्र ही महिन्यातली सगळ्यात वाईट. आत्या आतून कांदेपोहे परतत होती, तिने गॅस बारीक केला, हात पदराला पुसले, बाहेर आली, त्यांच्या हातातून रेझर घेतला आणि एका हाताने हनुवटी वर धरून त्यांची दाढी करायला लागली. एक शब्द नाही. गल्लीतून जाणारे येणारे बघतायत, ती आपली जिभेचं टोक दातात धरून ओठावरचा अवघड भाग करतेय. मधेच म्हणाली, "हलू नका, कापेल." त्यांनी डोळे मिटून घेतले होते. नंतर तिने त्यांना साखर जास्त घालून चहा दिला, कप अर्धाच भरून, म्हणजे सांडायला नको. दुपारी पाहुणे आले तेव्हा स्वच्छ दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि ते मुलाच्या वडिलांशी क्रिकेटवर बोलत होते, हात मांड्यांखाली दाबून. लग्न जमलं.

ड्राय डेने कुणाची दारू सुटत नाही हे कॉलेजातलं पोरगंही सांगेल. आत्यालाही ते माहीत होतं. दारू सोडवायचे सगळे उपाय तिचे करून झाले होते, अंगारे, गोळ्या, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची चौकशी सुद्धा. तिला वर्षातून पाच-सहा दिवस असे हवे होते की जे तिला आधीपासून माहीत असतील. एवढंच ती सरकारकडून घेत होती.

आतोबांचं दारू पिण्याचं परमिट पण होतं, खरंखुरं, फोटो लावलेलं, आत्या ते रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवायची. हल्ली ते कुणाकडे असतं? महाराष्ट्रात अजून तोच १९४९चा दारूबंदीचा कायदा चालू आहे, मोरारजींच्या काळातला, म्हणजे कागदावर राज्यात दारूबंदी आहे आणि आपण सगळे परवान्यापुरते अपवाद आहोत. बियर-वाईनला वय एकवीस, बाकीच्याला पंचवीस. एका दिवसाचं परमिट विदेशीला पाच रुपये, देशीला दोन. माझं वय कुणी विचारलं नाही, परमिट तर नाहीच नाही, आणि परमिट रूममध्ये रात्री काउंटरवर बसून मॅनेजर लोक परमिटांची पुस्तकं भरत असतात ती कुणाच्या नावाने, हे न विचारलेलंच बरं. २०१७मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने हायवेपासून पाचशे मीटरमधली दुकानं बंद झाली तेव्हा बायपासला लोक टेप घेऊन अंतरं मोजायच्या गप्पा मारत होते. पुढे शहराच्या हद्दीत सूट मिळाली आणि पाट्या परत लागल्या.

पुण्याला हा वाद नवीन आहे असंही नाही. शहरात दारूची दुकानं वाढतायत म्हणून महात्मा फुल्यांनी नगरपालिकेचे सभासद असताना १८८०मध्ये लेखी विरोध केला होता, आणि १९०८मध्ये टिळकांच्या पुढाकाराने याच पेठांमध्ये दारूच्या गुत्त्यांसमोर स्वयंसेवक उभे राहून गिऱ्हाइकांना परत पाठवत होते. फुले आणि टिळक एका वाक्यात घ्यायला पुण्यात माणूस दहा वेळा विचार करतो, पण या एका बाबतीत बिनधास्त घ्यावेत. दुकानासमोर उभं राहून अडवायचं, इतकं सोपं वाटत होतं तेव्हा. अडवलेला माणूस मग कुठे गेला हे कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

तीच आतेबहीण आता स्वीडनमध्ये गोथेनबर्गला असते. तिला मी मावशींचं सांगितलं तर ती आधी बराच वेळ गप्प आणि मग तिथलं सांगायला लागली. तिकडे साडेतीन टक्क्यांच्या वरची दारू जवळजवळ फक्त सरकारी दुकानात, सिस्टेमबोलागेट नावाच्या, शनिवारी दुपारी तीनला ती बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. म्हणजे दर आठवड्याला १ ऑक्टोबर. शनिवारी अडीच वाजता तिथे प्रोफेसर, डॉक्टर, बांधकामावरचे, सगळे एका लाईनीत, हातात भाजीच्या पिशव्या, आणि कुणाला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही, काळी पिशवी नाही की पेपरात गुंडाळणं नाही. त्याआधी ते इंग्लंडमध्ये लेस्टरला होते, तिथे रविवारी मोठ्या दुकानांना सहाच तास परवानगी, १९९४चा कायदा आहे त्यांचा, २८० चौरस मीटरच्या वरच्या दुकानांना. तर लोक साडेदहाला आत शिरून ट्रॉली भरून उभे राहतात आणि अकरा वाजेपर्यंत बिल करता येत नाही. ती हे सगळं हसत सांगत होती. मग म्हणाली, "तुला म्हणून सांगते, मी घेते कधीतरी ग्लासभर, मला काही प्रॉब्लेम नाही. पण शनिवारी तीन वाजून गेले ना, की मला अजून बरं वाटतं गं. आता सोमवारपर्यंत काही नाही, असं." तिचा नवरा महिन्यातून दोनदा बियर पितो. तिला बरं वाटण्याचं काही कारण नाही.

आपल्याकडे रविवारचं उलटं आहे, आपला रविवार विकत घ्यायचाच दिवस. मटणाच्या दुकानापुढे सकाळी सातला रांग, लक्ष्मी रोडला पाय ठेवायला जागा नाही, आणि वाईन शॉपचा धंदा सगळ्यात जोरात. खरं तर ही रविवारची सुट्टीच मुळात भांडून मिळालेली. नारायण मेघाजी लोखंडे, फुल्यांचेच सहकारी, मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं मागे लागले आणि १० जून १८९०ला मालकांनी रविवार दिला. रविवार खंडोबाचा वार, तो आमच्या लोकांना मिळालाच पाहिजे, असाही एक मुद्दा त्यांनी मांडला होता म्हणतात, मला तो फार आवडतो. आता २०१७च्या कायद्याने दुकान ३६५ दिवस उघडं ठेवता येतं, अट इतकीच की कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळाली पाहिजे. आणि गंमत म्हणजे मी त्या लाईनीत उभी होते त्याच सुमाराला सरकारने परत आदेश काढून सांगितलं की दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला हरकत नाही, दारूची सोडून.

मावशींना ओळखणाऱ्या त्या काउंटरवरच्या पोराला मी नंतर एकदा, गर्दी नसताना, विचारलं की तुला सुट्टी कधी असते रे. नांदेडकडचा आहे, विशी-बाविशीचा. त्याला वाटलं मी लेबर ऑफिसातून आलेय की काय. मग म्हणाला, "ताई, ड्राय डे हाच आमचा हॉलिडे. बाकी सकाळी दहा ते रात्री साडेदहा." मी म्हटलं आठवड्याची सुट्टी? तो हसला, बाटली पुसत राहिला. ड्राय डेला काय करतोस? "झोपतो. कपडे धुतो. मागच्या २ तारखेला सिंहगडावर गेलो होतो, पिठलं-भाकरी खाल्ली." मग जरा थांबून, "आदल्या दिवशी मात्र मरण असतं, पाठ धरते." म्हणजे आत्यासारखंच याचंही कॅलेंडर, त्याच तारखा, आदली रात्र याचीही वाईट. मी त्याला मावशींबद्दल विचारलं. तो म्हणाला, "त्या दर ड्राय डेच्या आधीच येतात फक्त. एरवी तो स्वतः येतो की." कसा आहे माणूस? "गरीब आहे. सुट्टे पैसे राहिले तर दुसऱ्या दिवशी आणून देतो."

मावशी परत मला दिसल्या नाहीत, मीही मुद्दाम शोधलं नाही.

मधल्या काळात सोसायटीत वेगळंच सुरू झालंय. मागच्या गल्लीत, वस्तीच्या तोंडाशी, देशीचं दुकान आहे, निळ्या पत्र्याचं, बरीच वर्षं आहे ते. आता आमच्या इमारतींचं मागचं गेट त्या बाजूला उघडणार म्हणून ते बंद करायचं घाटतंय. त्यासाठी बाटली आडवी करायची, म्हणजे वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या गोळा करायच्या, मग मतदान लागतं, त्यात उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हं, आणि यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. आलेल्या नव्हे, यादीतल्या निम्म्या. गावागावातल्या बायकांनी हे करून दाखवलंय, उन्हात रांगा लावून, नवऱ्यांचा मार खाऊन. आमच्याकडे सेक्रेटरी काकांनी अर्जाचा मसुदा ग्रुपवर टाकला. त्यात मुलांवर होणारे संस्कार आहेत, महिलांची सुरक्षितता आहे, फ्लॅटचे भाव नाहीत पण वाचणाऱ्याला दिसतात. मला सही मागितली. मी सही करेनही, आत्या असती तर तिने पहिली केली असती आणि चार घरं फिरून आणखी गोळा केल्या असत्या. पण ते निळं दुकान बंद झालं तर त्या दिवसापासून तिथल्या गिऱ्हाइकांना वर्षभर ड्राय डेच की, आणि पूल काही लांब नाही.

मी ग्रुपवर दोन गोष्टी विचारल्या. एक, अर्जात फक्त देशीचंच का, मेन रोडचं वाईन शॉप का नाही. त्यावर काकांनी लगेच फोन केला, "अहो मॅडम, ते आपलं सोयीचं दुकान आहे, तिथे फॅमिलीवाले येतात." दुसरं म्हणजे, सह्या घ्यायच्याच तर आधी वस्तीत जाऊ, बायका तिथेच जास्त आहेत आणि दुकानाचं काय करायचं ते त्यांना जास्त माहीत असणार, रविवारी सकाळी कोण कोण येतंय? याला तीन दिवस झाले. दोन अंगठे आलेत आणि एकीने विचारलंय की रविवारी नको, पाणी येतं, सोमवारी चालेल का.